इच्छुकांनी नावे द्यावीत

रविवार, ८ फेब्रुवारी २००९. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बिबवेवाडीच्या मराठी मंडळीचे पाळक समाधान पाटोळे यांनी चर्चच्या सूचनाफलकावरून एक कागद काढला. कागद वहीतला, रेघांचा होता आणि मागच्या रविवारी त्यांनी स्वतःच लावला होता. त्यावर तेवीस नावे होती. हवी होती दहा. पाटोळ्यांनी टाचण्या खिशात टाकल्या आणि जिन्याखाली उभे राहून नावे वाचली. दोन ओळी वाचून होईपर्यंत त्यांना बरे वाटत होते. मग त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात आणखी काही लिहिले आहे. पत्रा गळतो. नातीचा नर्सिंगला प्रवेश. शिलाई मशीन, पायाचे. मोतीबिंदू, उजवा डोळा. कागदाच्या डोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : मिशन मदत. इच्छुकांनी नावे द्यावीत. मंडळीने ते वाचले होते आणि नावे दिली होती. मिशनला मदत, असे पाटोळ्यांना म्हणायचे होते. मंडळीने मिशनची मदत असे वाचले होते. मधला एक प्रत्यय त्यांनी लिहिलाच नव्हता.

दहा नावे हवी होती ती यासाठी : मंडळीतली कल्याणी शिरसाठ, वय सत्तावीस, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे काम करणारी, सातपुड्यात धडगावच्या पुढे एका लहान मिशन दवाखान्यात दोन वर्षे जायला तयार होती. दवाखान्याला लागून मुलींचे वसतिगृह होते. क्षयरोग्यांच्या औषधांची नोंद ठेवायची, मुलींना शिकवायचे, रविवारी ओसरीवर सुवार्ता वाचायची, असे काम. तिथल्या डॉक्टर उल्का वळवी यांनी होकार कळवला होता, पण एका अटीवर. त्यांचे पत्र पाटोळ्यांच्या बायबलात, मत्तयाच्या पानात होते. ‘एकटं माणूस पाठवू नका. मागच्या दोघांना तुमच्यासारख्याच मंडळ्यांनी टाळ्या वाजवून पाठवलं. पावसाळ्यात रस्ता बंद झाला तेव्हा एकालाही कुणाचं पत्र आलं नाही. दोघं परत गेली. मला पैसे नकोत, दहा नावं हवीत. जी पत्र लिहितील, पाळीपाळीनं येऊन जातील, आजारी पडली तर घरी घेऊन जातील. नावं मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात पडावीत, नाहीतर ही जागा मी दुसऱ्या कुणाला देईन.’

कल्याणी फाटकापाशी स्कूटी काढत होती. पाटोळ्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिने हेल्मेट काढले, सगळा कागद वाचला, मागची बाजूही पाहिली. मग म्हणाली, “पाळकसाहेब, युजरची चूक नाहीये ही. तुमची रिक्वायरमेंटच क्लिअर नव्हती.” पाटोळे म्हणाले, “मला वाटलं सगळ्यांना कळेल.” “सगळे हेच म्हणतात. त्यावर तर माझा पगार चालतो.” ती हसत होती, पण चौथ्या ओळीशी तिचे बोट थांबले होते. महिपती शिरसाठ : मुलीसाठी नोकरी, पुण्यातच. महिपतराव तिचे वडील. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. पत्नी चार वर्षांपूर्वी वारली, मूल एवढे एकच. “मला नोकरी आहे की,” कल्याणी म्हणाली. “मंदी असली तरी अजून काढलं नाहीये मला.” तिने कागद परत दिला, घडी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी, आणि निघून गेली.

दुपारी जेवताना पाटोळ्यांनी हे पत्नीला सांगितले. शर्मिलाबाई महापालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवत. त्यांनी शुद्धलेखनाची वही पाहावी तसा कागद पाहिला. “तुम्ही ‘मिशन’ म्हणालात की आपली माणसं हात पुढे करणार,” त्या म्हणाल्या. “तळवा वर. सवय आहे ती. भात वाढू का अजून?” पाटोळ्यांनी भात घेतला. त्यांना राग मंडळीचा आला नव्हता. जिन्याखाली उभे असताना नेमके काय खटकले होते, हे त्यांना जेवण संपेपर्यंत कळले नव्हते. हात धुताना कळले. ते वाक्य त्यांचे नव्हतेच. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या ज्या आवारात त्यांचा जन्म झाला तिथे दवाखान्याच्या भिंतीला एक काळी पाटी होती आणि तिच्यावर दर जूनमध्ये खडूने लिहिलेले असे : मिशन मदत. इच्छुकांनी नावे द्यावीत. पाटोळ्यांचे वडील आवाराच्या फाटकावर राखणदार होते, त्यामुळे पाटी लिहिली जाताना ते तिथेच असत आणि दर वर्षी पहिले नाव त्यांचेच लागे. वर्गातली मुले त्यावरून समाधानला ‘पहिला नंबर’ म्हणत. वडिलांना त्यात लाज वाटत नव्हती. ते पाटीसमोर टोपी सारखी करून उभे राहत, लिहिणाऱ्याला नाव नीट सांगत, पाटोळे, टला नुसता काना नको, मात्राही हवी, आणि नाव लिहून झाले की एकदा वाचून दाखवायला लावत. एवढ्या वर्षांनी कागदाच्या डोक्यावर काय लिहावे असा प्रश्न पडला तेव्हा हाताने आपोआप तेच लिहिले होते. मंडळीतली निम्मी घरे अशाच आवारांतून आलेली. मंडळी चुकली नव्हती. तिने पाटी ओळखली होती.

त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही. बाहेर कुणीतरी गाडी धूत होते, बादलीची कडी वाजत होती. मिशन हा शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून पाहिला. लहानपणी त्या शब्दाला वास होता, दुधाच्या पावडरीचा, ओल्या गोणपाटाचा. त्याला भिंती होत्या, गेरूने रंगवलेल्या. ‘मिशन देईल’, ‘मिशनला विचारा’, ‘मिशन आता गेलं’. माणूस मात्र त्यात कुणी नव्हता. की होता? वसतिगृहात प्रत्येक मुलाला परदेशातले एक माणूस ठरवून दिलेले असे आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्याला पत्र लिहावे लागे. अधीक्षक फळ्यावर मजकूर लिहीत. मी सुखी आहे. अभ्यास चांगला चालला आहे. आपले उपकार आम्ही विसरणार नाही. बाकी मुलांबरोबर समाधानही तो उतरवून काढी, सहा वर्षे, एकदाही स्वतःचे वाक्य न घालता. पलीकडून उत्तरे येत. ती अधीक्षक मराठी करून जेवणाआधी मोठ्याने वाचत. समाधानची बाई म्हातारी होती. एकदा तिने लिहिले होते की गुरुवारी आम्ही नऊ जणी जमतो आणि तुझे नाव घेतो. तुझे नाव आम्हाला म्हणता येत नाही, आम्ही ‘सॅमडन’ म्हणतो, देवाला कळत असावे. माझे गुडघे आता फार दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून बैठक खालच्या मजल्यावर आणली आहे. सगळी जेवणाची खोली हसली होती. पुढे दोन वर्षे त्याला ‘सॅमडन’ हे नाव चिकटले, आणि ‘पहिला नंबर’ सुटला म्हणून त्याला बरेच वाटले होते. त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फळ्यावर जे होते तेच त्याने उतरवले. मी सुखी आहे.

नऊ जणी. पाटोळे पलंगावर उठून बसले. उल्का वळवी मागत होत्या ती नावे आणि या नऊ बायका यांत फरक काय होता, हे ते शोधत राहिले आणि त्यांना तो सापडेना. म्हणजे मिशन हे दुधाच्या पावडरीचे कोठार नव्हते. कुठल्यातरी गावातली एक मंडळी होती, कदाचित बिबवेवाडीहून लहान, पत्रा कदाचित तिथेही गळत असेल, आणि तिच्यातल्या गुडघेदुखीच्या बायका. हे त्यांना सेमिनरीत कुणी सांगितले नव्हते असे नाही. मिशनकार्य या विषयावर त्यांना प्रथम श्रेणी होती. अकरा वर्षांत या वेदीवरून त्यांनी त्यावर अकरा मिशन रविवारी अकरा उपदेश केले होते, नकाशा लावून, बाण काढून. प्रत्येक बाण मंडळीकडे येणारा होता. मंडळीतून निघणारा एकही काढायला त्यांचा हात धजला नव्हता, कारण ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे मागायचे कसे. हा विचार त्यांना आजवर दयेचा वाटत आला होता. आता तो तसा वाटेना.

कागदावरच्या प्रत्येकाला भेटून चूक सांगायची असे त्यांनी ठरवले. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ते जवळच्या अप्पर वस्तीत इंदुबाई घाटविसावे यांच्याकडे गेले. मोतीबिंदू, उजवा डोळा. वय शहात्तर. दहा बाय बाराची खोली, दाराशी तुळस नाही पण कोरफड. “सलाम, पाळकसाहेब,” इंदुबाई आवाजावरून म्हणाल्या. “एवढ्या लवकर मंजूर झालं?” पाटोळ्यांनी सगळे समजावून सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मिशन म्हणजे आपण?” “हो.” “कधीपासून?” पाटोळे खिशातला कागद चाचपू लागले. “मग आधी सांगायचं ना. मी आपला अर्ज करून बसले. लोकं काय म्हणतील, म्हातारी आपल्याच खिशात हात घालून मागते.” त्यांनी पदराने डोळा टिपला, तो हसण्याने पाणावला होता की मोतीबिंदूने, ते पाटोळ्यांना कळले नाही. “पोरगी जाणार कुठं?” पाटोळ्यांनी गाव सांगितले. इंदुबाईंच्या तोंडून एक वाक्य निघाले जे मराठी नव्हते. पाटोळ्यांनी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा म्हटले, सावकाश. “दुखतं कुठं, असं विचारलं,” त्या म्हणाल्या. “तिथल्या भिलांच्या बोलीत. नवरा असताना अकरा वर्षं आया होते मी तिकडच्या मिशन दवाखान्यात. बाळंतिणी मराठी बोलायच्या नाहीत. शिकले मग.” “तुम्ही कधी बोलला नाहीत.” “कुणी विचारलं? तुम्ही दर महिन्याला येता, प्रार्थना करता, काय पाहिजे विचारता आणि जाता.”

पाटोळ्यांनी खिशातला कागद काढून ते वाक्य लिहून घ्यायचा प्रयत्न केला. त्यातला एक आवाज देवनागरीत बसेना. इंदुबाईंनी तीनदा म्हणून दाखवला आणि तिसऱ्यांदा त्यांची जीभ पाहायला सांगितली. “तुमच्यानं नाही व्हायचं,” त्या अखेर म्हणाल्या. “पोरीला पाठवा. संध्याकाळची येऊ दे. आणि माझं नाव त्या दहा नावांत घाला. पत्र लिहायला डोळा नाही, पण ती येईल तेव्हा इथं झोपायला जागा आहे.” गुरुवारपासून कल्याणी खराडीहून थेट अप्परला जाऊ लागली. पहिल्याच संध्याकाळी ती डोळ्यांच्या दवाखान्याचा अर्ज घेऊन गेली. मोबदला नव्हे, ती म्हणाली, बाईंना माझ्या तोंडातली जीभ दिसत नाहीये, शिकवणार कशा.

महिपतरावांकडे पाटोळे सगळ्यांत शेवटी गेले. शुक्रवारी सकाळी. महिपतराव पेपरातले शब्दकोडे सोडवत होते. त्यांनी खुर्ची दाखवली, चहा टाकला, आणि पाटोळे बोलायला लागणार तोच म्हणाले, “मला समजावू नका. मी सेक्रेटरी आहे. ती सूचना फलकावर जाण्याआधी मी वाचली होती. एक प्रत्यय राहिलाय हे मला दिसलं होतं.” “मग सांगितलं का नाही?” “पाळकांची चूक काढायची असेल तर मीटिंगमध्ये काढतो मी. जिन्याखाली नाही.” चहा उतू जायला आला होता, तो त्यांनी वेळेवर उतरवला. ज्या कपाला कान नव्हता तो स्वतःकडे घेतला. “मी जे वाचलं ते बरोबर वाचलं, पाळकसाहेब. माझी आई मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाली, मी मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनच्या चिठ्ठीवर कारखान्यात लागलो. आयुष्यभर मिशनकडे मागितलं आणि मिशननं दिलं. आता एकदा शेवटचं मागतोय. माझी मुलगी मला द्या.” पाटोळ्यांच्या मनात पोटचा मुलगा देवाला अर्पायला निघालेला अब्राहाम आला, तो मुलगा इसहाक आला. अकरा वर्षे ज्या उताऱ्यांनी भागले होते ते सगळे रांगेने आले. त्यांनी एकालाही आत घेतले नाही. ओरिसातल्या मंडळ्यांवर मागच्या वर्षी जे हल्ले झाले ते दोघांनीही पेपरात वाचले होते. धडगावचा रस्ता पावसात बंद होतो हेही खरे होते. “ती माझ्याकडे नाही महिपतराव, मी कुठून देऊ,” ते म्हणाले. महिपतरावांनी कोड्याकडे पाहिले. “तिची आई असती तर तिनं बॅग भरून दिली असती,” ते म्हणाले. “आणि मला म्हणाली असती, तुम्ही उगाच दारात उभे राहू नका. मीच तेवढा कच्चा निघालो घरात.” मग त्यांनी विचारले, “पाच अक्षरी, पाठवणी या अर्थी. सुचतंय का काही?”

रविवारी, १५ तारखेला, पाटोळ्यांनी नकाशा लावला नाही. उपदेशाच्या जागी त्यांनी दोन कागद दाखवले. पहिला तेवीस नावांचा. “ही चूक माझी आहे,” ते म्हणाले, “आणि हा कागद मी फाडणार नाही. पत्रा गळतो तो गळतोच. त्यावर मंगळवारी पंच कमिटी बसेल.” मग त्यांनी नऊ बायकांची गोष्ट सांगितली. सॅमडन म्हटल्यावर मागच्या बाकांवर हशा पिकला आणि त्यांनी तो होऊ दिला. “सहा वर्षं मी तिला लिहिलं,” ते म्हणाले. “तिनं गुडघे दुखतात म्हणून कळवलं. मी एकदाही विचारलं नाही की गुडघे कसे आहेत. मला वाटायचं ते मिशन आहे. मिशनला गुडघे नसतात.” पंखे चालू होते. उपदेशानंतर जी शांतता असते ती त्यांच्या ओळखीची होती, तिच्यात लोक चपला शोधतात. ही तशी नव्हती. दुसरा कागद कोरा होता. त्याच्या डोक्यावर शर्मिलाबाईंच्या पाचवीच्या अक्षरात लिहिले होते : आपण कल्याणीला पाठवत आहोत. तिच्या पाठीशी कोण उभे राहणार? खाली आकडे होते, एक ते दहा, महिपतरावांच्या हातचे. सेक्रेटरी या नात्याने आकडे घालणे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी शनिवारी संध्याकाळी येऊन, पट्टी लावून केले होते.

पहिल्या दिवशी दोन नावे आली. इंदुबाईंचे त्यांनी स्वतः, कागदाला नाक लावून लिहिले. दुसरे शिलाई मशीनवाल्या दीपमाला साळवे यांचे. नावापुढे त्यांनी ‘पत्र’ असे लिहिले आणि मग ‘महिन्यातून एक, मोठे’. बुधवारपर्यंत पाच झाली. पत्रा गळणाऱ्या घरचे नाव सहावे. या नावाने पाटोळे संकोचले. नाव देणारे दशरथ लोखंडे बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या दुकानात होते. त्यांनी सांगितले, “पत्रा गळतो म्हणून काय एसटीत बसता येत नाही का? दिवाळीला दुकान बंद असतं. दोन दिवस जाऊन येईन.” तेवीसपैकी काहींनी दुसऱ्या कागदाकडे पाहिलेही नाही, आणि एका वडीलधाऱ्यांनी फाटकात थांबवून विचारले, “पोरीला कंपनीनं काढलं काय हो? खरं सांगा, कुणाला बोलणार नाही.” २२ तारखेला आठ. शुक्रवारी, २७ला, नऊ. दहावी ओळ कोरी होती. तिच्यासमोरून येता-जाता पाटोळ्यांना वडिलांची टोपी आठवे. स्वतःचे नाव घालावे असे त्यांच्या मनात आले. शर्मिलाबाई म्हणाल्या, “घातलंत तर सगळे म्हणतील पाळकानं गाळलेली जागा भरली. थांबा.” शनिवारी संध्याकाळी पाच-चाळीसला ते चर्चमध्ये गेले तेव्हा फलकावर फक्त चार टाचण्या होत्या. झाडलोट करणाऱ्या रतनबाईंनी सांगितले, “सेक्रेटरीसाहेब घेऊन गेले. म्हणाले, शुद्धलेखन तपासून आणतो.”

टपाल सोमवारी सकाळी निघाले तरच कागद वेळेत पोचणार होता. कल्याणीने शनिवारी पाटोळ्यांना फोन केला आणि कागदाबद्दल काही विचारले नाही. इंदुबाईंचे ऑपरेशन नऊ मार्चला ठरल्याचे सांगितले आणि तो देवनागरीत न बसणारा आवाज काढून दाखवला. पाटोळ्यांना तो बरोबर वाटला, पण तो त्यांचा विषय नव्हता. मग ती म्हणाली, “बाबा काल आईची बॅग माळ्यावरून काढत होते. चेन अडकलीय म्हणाले. मेणबत्ती घासत बसले होते.” “कशासाठी?” “विचारलं नाही मी.”

रविवार, १ मार्च. सकाळी नऊ पन्नास. उपासनेला दहा मिनिटे होती. फलकावर कागद नव्हता. पाटोळे आपल्या खोलीत झगा घालत असताना मोबाइल वाजला. “सलाम,” महिपतराव म्हणाले. “धडगावला इथून थेट एसटी आहे का?” “असावी. शिवाजीनगरहून.” “असावी नको. आणि परतीची किती वाजता निघते? मुक्काम पडतो का?” “मला माहीत नाही महिपतराव. विचारून सांगतो.” “विचारा,” महिपतराव म्हणाले. “मी थांबतो.” त्यांनी फोन ठेवला नाही. पाटोळ्यांनी मोबाइल एका कानाला तसाच धरला आणि दुसऱ्या हाताने टेबलावरच्या फोनवरून चौकशीचा नंबर फिरवला. व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. बाहेर रतनबाईंनी पहिली घंटा दिली. मोबाइलमध्ये महिपतरावांचा श्वास आणि कागदाचा आवाज ऐकू येत होता. पेपराचा की फलकावरून नेलेल्या कागदाचा, हे सांगता येत नव्हते. पाटोळ्यांनी तिसऱ्यांदा नंबर फिरवला. या वेळी पलीकडे घंटी वाजू लागली.